समोर कोण बसलं होतं?

बंडाच्या गाण्यांची यादी करायला बसलं की बीडसारख्या जिल्ह्यात पहिली दहा गाणी जवळजवळ आपोआप ठरतात. अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड, अमर शेखांच्या आवाजातलं एखादं, वामनदादा कर्डकांची दोन-तीन, नामांतराच्या दिवसांतलं एक, संभाजी भगतांचं एक, शीतल साठेंचं एक. शेवटी परदेशातलं काहीतरी टाकायचं, म्हणजे यादी जगभरची झाल्यासारखी वाटते. यातल्या एकाही गाण्याबद्दल माझी तक्रार नाही. ही गाणी ऐकतच आमच्यापैकी अनेकांना राजकारण कळलं. पण सलग ऐकताना एक गोष्ट टोचत राहते. यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं लांबच्या सत्तेवर बोट ठेवतं: इंग्रज, निजाम, मुंबईचं सरकार, दिल्लीचं सरकार, भांडवलदार. ऐकणाऱ्याच्या घरातलं, गल्लीतलं, जातीतलं, पक्षातलं कोणी त्यानं अस्वस्थ होत नाही. अख्खी यादी संपते आणि ज्या माणसाच्या मोबाइलमध्ये ती आहे त्याला कोणाचीच आज्ञा मोडावी लागत नाही.

म्हणून यादीत गाणं घेण्याआधी मी एकच चौकशी करावी असं म्हणतो. ते गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा समोर कोण बसलं होतं, आणि त्या समोरच्याला गाणाऱ्याचं काय वाईट करता येत होतं? चाल, शब्द, आवेश, कवीचं नाव हे सगळं त्यानंतर. या चौकशीला उतरणारी गाणी निवडायला गेलं की यादीचा क्रमच उलटा होतो. मोर्च्यातलं गाणं मागे जातं आणि ज्याला आपण बंडाचं गाणं म्हणतच नव्हतो ते पुढे येतं.

पहिलं येतं जातं. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात कोणालाही ऐकता येतात. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या आहेत. पहाटे अंधारात दळायला बसलेली बाई काय म्हणते ते नीट ऐका. बापानं लांब देऊन टाकलं हे ती म्हणते. नवऱ्यानं दुसरी आणली हे म्हणते. सीतेला वनवासाला धाडणाऱ्या रामाला ती जाब विचारते, तोही असा की आपल्या शिकलेल्या कवींची हिंमत झाली नसती. आणि हे ती कोठे म्हणते? मैदानात नाही, सभेत नाही. ओसरीवर सासरा झोपलेला आहे, भिंतीपलीकडे सासू जागी आहे, जात्याच्या खुंट्याला दुसरा हात जावेचा आहे. ज्यांच्याविषयी ती बोलते आहे ते सगळे आवाजाच्या टप्प्यात आहेत. चुलीवरून हाकलून द्यायची, माहेरी धाडायची, मारायची ताकद त्यांच्याच हातात आहे. आमच्या शाहिरांपैकी फार थोड्यांनी इतक्या जवळून गायलं असेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ओवी म्हणजे वाफ सोडण्याची सोय, असं काही अभ्यासू माणसं म्हणतात. बाईनं पहाटे दुःख गाऊन टाकलं की दिवसभर ती निमूट राबते, म्हणून घरानंही ते गाणं चालवून घेतलं. जातं ओवीनं थांबलं नाही, ते विजेची गिरणी आल्यावर थांबलं. हे खरं आहे. पण या आक्षेपात गृहीत धरलं आहे की जे गाणं ताबडतोब काही थांबवत नाही ते बंडाचं नाही. त्या मापानं पाहिलं तर अण्णाभाऊंचं अर्धं काम आणि वामनदादांचं जवळजवळ सगळंच काम बाद होईल.

आणि ओवीनं काहीच केलं नाही असंही नाही. ओव्यांची एक जुनी रीत आहे, पहिली ओवी देवाला वाहायची. मराठवाड्यातल्या आणि इतर भागांतल्या बौद्ध वस्त्यांमध्ये त्या पहिल्या ओवीच्या जागी भीमरावांचं नाव आलं. ते आलं तेव्हा काय घडलं असेल याचा विचार करा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धर्मांतर झालं, पुरुष सभेला जाऊन आले, बावीस प्रतिज्ञा ऐकून आले. पण घरातले देव सांभाळणारी होती ती आजी, नाहीतर सासू. देव्हाऱ्यातले टाक उचलायचे की नाही हा झगडा घरात झाला, आणि तो बऱ्याच ठिकाणी बायकांमध्ये झाला. शाळेत पाऊलही न टाकलेली सून जात्यावर बसून पहिली ओवी भीमरावाला वाहते, तेव्हा ती सासूच्या समोर देव बदलत असते. धर्मांतराची ती घरात झालेली अंमलबजावणी होती. भीमनगरातल्या बायकांच्या आवाजात बाबासाहेब भाऊ म्हणून येतात, बाप म्हणून येतात, रमाई घरच्या बाईसारखी येते. त्या चालीत कुठंही घोषणा नाही. पण मला विचाराल तर यादीतलं पहिलं गाणं हे, आणि कवीचं नाव लिहिण्याच्या जागी लिहायचं: भीमनगर, माजलगाव.

जात्यापाठोपाठ जनाबाई येते, कारण ती आमच्या शेजारची, गंगाखेडची. दुसऱ्याच्या घरात दळणकांडण करणारी बाई डोईचा पदर खांद्यावर टाकून भर बाजारात जाण्याची भाषा करते, हे सहाशे वर्षांहून अधिक काळ आपण ऐकतो आहोत आणि इतक्या भक्तीनं ऐकतो आहोत की त्यातला धक्का आपल्या कानांना लागत नाही. बीड जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेवर सप्ताहांची मोठी परंपरा आहे. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड इथल्या फडांवर हजारो माणसं रात्र रात्र कीर्तनं ऐकतात. ज्या तुकारामबुवांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्यांचे अभंग तिथं रोज गायले जातात. पण आता मंडपात पहिल्या रांगेत बसतो तो देणगीदार, आणि त्याचा फोटो वेशीवरच्या फ्लेक्सवर असतो. गाणं तेच, गळा तितकाच गोड, समोरचा माणूस मात्र बदलला. तुकाराम त्यामुळे लहान होत नाहीत. पण त्या मंडपातलं रेकॉर्डिंग बंडाच्या यादीत घालता येणार नाही, एवढं मात्र ठरतं.

यातून जी अडचण उभी राहते ती मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची वाटते: गाणी बाजू बदलतात. मराठवाड्याच्या इतिहासात याचं लखलखीत उदाहरण आहे. निजामाच्या राज्यात ‘गस्ती निशाण 53’ नावाचा हुकूम होता. परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. माणसं वाचनालयात, शाळेत, व्यायामशाळेत जमत. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर अंबाजोगाईला शिकवायला आले तेव्हा त्या गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं, आणि शाळा हीच सभेची जागा होती. 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायचं ठरवलं. मनाई झाली, मुलांनी ऐकलं नाही, लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. शेकडो मुलांची नावं काढून टाकली गेली आणि त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. त्यात पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं एका गाण्यासाठी शिक्षण पणाला लावत होती, समोर विद्यापीठ होतं आणि विद्यापीठामागे संस्थान. आमच्या चौकशीला ते गाणं पूर्ण उतरतं.

पुढे 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं आणि 24 जानेवारी 1950 ला त्याच गाण्याला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान मिळाला. त्याबद्दल आनंदच आहे. पण ज्या दिवशी ते गाणं म्हण म्हणून कोणाच्या छातीवर बोट ठेवलं जातं, त्या दिवशी वसतिगृहातली मुलं आणि वॉर्डन यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून यादीत ते घेताना मी त्याच्यापुढे वर्ष आणि जागा लिहीन: 1938, औरंगाबाद, वसतिगृह. वर्ष काढून घेतलं की त्यातलं बंडही निघून जातं. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झालं. राजा बढे, श्रीनिवास खळे, शाहीर साबळे ही तिन्ही नावं मला प्रिय आहेत, गाणं सुरू झालं की मीही उभा राहतो. पण ज्या गाण्याला सरकार उभं राहतं त्याला विरोधाच्या यादीत बसवणं हा त्या गाण्यावर आणि विरोधावर, दोन्हींवर अन्याय आहे.

निजामाविरुद्धच्या गाण्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे दरवर्षी 17 सप्टेंबरला होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल एक बोलायला हवं. त्या दिवशी वाजणाऱ्या गाण्यांत मखदूम मोहिउद्दीन कधी का नसतात? निजामाच्याच राज्यात जन्मलेला हा कवी कम्युनिस्ट होता, तेलंगणच्या शेतकरी लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी होता, त्यापायी भूमिगत राहिला, तुरुंगात गेला. ‘बाजार’ सिनेमातली त्यांची गझल सगळ्यांना पाठ असते, मखदूम मात्र माहीत नसतात. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी ज्या संपादकाला हैदराबादेत रस्त्यात मारलं ते ‘इमरोज’चे शोएबुल्ला खानही मुसलमान होते. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शननंतर शेजारच्या उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी सुंदरलाल समितीनं केली. मेलेल्यांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. मुक्तीच्या गाण्यांची यादी बीडमध्ये करणाऱ्यानं ती बीडच्या मोमीनपुऱ्यातही वाजवता आली पाहिजे. तिथं वाजवायची लाज वाटेल असं गाणं त्यात असेल, तर ते मुक्तीचं आहे का हे तपासून बघावं. मखदूमना यादीत घेण्याचं माझं कारण उदारपणाचं नाही. ते आपल्या धर्माच्या राजाविरुद्ध उभे राहिले, म्हणजे जवळच्या सत्तेविरुद्ध. चौकशीत ते पहिल्या झटक्यात उतरतात.

सरकारं गाण्यांना भितात याचे दाखले खूप आहेत, त्यावर मी फार थांबणार नाही. 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कवितांची एक चोपडी छापली म्हणून. शीतल साठे आणि सचिन माळी 2 एप्रिल 2013 ला विधानभवनासमोर गाणी म्हणत पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा शीतल गरोदर होत्या. एप्रिल 2023 मध्ये मराठवाड्यातल्या राज मुंगासे या रॅपरला राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केला म्हणून पोलिसांनी उचललं, आणि त्या रॅपमध्ये कोणाचं नावही नव्हतं. तिन्ही प्रसंगांतली माणसं, विचार, काळ एकमेकांपासून किती लांब आहेत! बाबारावांच्या राजकारणाशी माझं जमत नाही. पण यादी माझ्या आवडीच्या विचारांची नसून शिक्षा ओढवून घेतलेल्या गाण्यांची असेल, तर ती चोपडी तिथं आलीच पाहिजे. आपल्याला न आवडणाऱ्या बंडाला जागा देता आली नाही तर यादी पक्षाच्या कार्यालयात लावायची होऊन जाते.

बीडमध्ये लाल झेंड्याची गाणी परकी नाहीत हेही तरुण मुलांना सांगावं लागतं. साताऱ्याचं प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील 1967 मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते बीडमधून, कम्युनिस्ट पक्षातर्फे. दहा वर्षांनी याच मतदारसंघानं गंगाधरअप्पा बुरांडे यांना पाठवलं, तेही मार्क्सवादी. ज्या जिल्ह्याला आज जातीच्या चष्म्यातूनच पाहिलं जातं त्यानं बाहेरच्या जिल्ह्यातला, वयानं थकलेला एक माणूस केवळ त्याच्या लढ्यासाठी निवडला होता. प्रतिसरकारच्या प्रचारात शाहिरांनाही जागा होती. अमर शेख तर शेजारच्या बार्शीचे. गिरणी कामगारांपुढे त्यांचा आवाज माइकशिवाय लांबवर पोचे असं जुनी माणसं सांगतात.

पण याच लाल परंपरेतला एक माणूस माझ्या चौकशीला वेगळंच उत्तर देतो, आणि त्याच्यापाशी मला जास्त थांबावंसं वाटतं. विलास घोगरे. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या 1985 च्या माहितीपटात झोपडपट्टीवरचं त्यांचं गाणं आहे, आणि ज्यानं ते ऐकलं त्याला तो आवाज विसरता येत नाही. डाव्या सांस्कृतिक चळवळीत त्यांनी आयुष्य घातलं, पुढे त्यांच्याच संघटनेनं त्यांना दूर केलं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. लाल झेंड्याखाली गायलेल्या या शाहिरानं जाताना डोक्याला आंबेडकरी चळवळीचं निळं फडकं बांधलं होतं. मी त्यांच्या मरणाला बंड म्हणणार नाही, तसं कोणी म्हणू नये. जिवंत शाहीर हाच समाजाचा लाभ. पण ते फडकं दोन चळवळींना एक प्रश्न विचारतं: गरिबांसाठी गाणाऱ्या माणसाला आपल्या जातीचं दुःख गायला तुमच्या मंचावर जागा होती का? आपल्याच साथींना अडचणीत आणणारं गाणं हे सरकारविरोधी गाण्यापेक्षा अवघड असतं. सरकारनं पकडलं तर साथी जामीन भरतात. साथींनीच पाठ फिरवली तर गायला चौक उरत नाही.

नामांतराच्या गाण्यांतही मला हाच धागा दिसतो. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याची गावं पेटली. घरं जाळणारे इंग्रज नव्हते, निजामाचे शिपाईही नव्हते. तिसऱ्या गल्लीतली, ज्यांच्या शेतात कालपर्यंत कामाला जात होतो ती माणसं होती. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तोवर सोळा वर्षं वस्त्यांतून जी गाणी गायली गेली, ती गाणारा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात पाणी भरायला, उसनं मागायला, मजुरीला जाणार होता. मुंबईच्या सभागृहात आज तीच गाणी ऐकताना टाळ्या पडतात. पडोत. पण गावात गायलेल्याचं रेकॉर्डिंग मिळत असेल, खरखर असलेलं, ढोलकी बेसूर असलेलं, तर स्टुडिओतल्या देखण्या आवृत्तीऐवजी मी तेच घेईन.

आता ज्या गाण्यांना मी यादीतून ठामपणे बाहेर ठेवतो त्यांच्याविषयी. आज बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचा टेप, मिरवणुकीतला डीजे, पोरांचे रील्स, सगळीकडे एकाच तऱ्हेचं गाणं वाजतं: आपला नाद करायचा नाही, भाऊ आला की सगळे गप्प, कायदा आपल्या खिशात. गाणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला मनापासून वाटतं की हे बंड आहे, कारण यात कोणाला तरी न जुमानणं आहे. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. नोकरी नाही, पाणी नाही, लग्न जमत नाही, अशा वयात छाती फुगवणारं काहीतरी लागतं. पण गाण्यात ज्याचा जयजयकार चालला आहे तो भाऊ, तो दादा, तोच तर गावातली सत्ता आहे. ठेका त्याचा, वाळू त्याची, पोलिस ठाण्यात शब्द त्याचा. त्याच्यासमोर त्याचंच गाणं लावण्यात गाणाऱ्याला काहीच धोका नाही, उलट जेवण मिळतं.

9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन मारण्यात आलं. खटला न्यायालयात आहे, त्याचा निकाल न्यायालयच देईल. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जिल्ह्यातले पिस्तुलं मिरवणारे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या मागे कोणतं ना कोणतं गाणं वाजत होतं. त्या गाण्यांनी खून केला असं मी म्हणत नाही. पण कायद्याला न जुमानणारा प्रत्येक जण बंडखोर ठरवण्याची सवय आपल्या कानांना लागली होती, हे कबूल करायला हवं. ज्याला कोणालाच जाब द्यावा लागत नाही त्याचं गाणं आणि जाब मागणाऱ्याचं गाणं, यांतला फरक ठेक्यावरून कळत नाही. तो कळायला पुन्हा तीच चौकशी करावी लागते. 2025 मध्ये बीडच्या पोलिसांनी नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचं ठरवलं. आमच्याकडे गाणंही आडनाव विचारून ऐकलं जातं. कोणत्या मिरवणुकीतलं आहे हे कळल्याशिवाय मान डोलत नाही. आपल्या जातीच्या मिरवणुकीत आपल्याच जातीच्या पुढाऱ्याला प्रश्न विचारणारं गाणं कोणी लावलं, मग ते कोणत्याही जातीचं असो, तर ते मी यादीत सर्वांत वर न्यायला तयार आहे.

जगातल्या मोठ्या बंडखोरांनाही ही फुटपट्टी लावायला मागेपुढे पाहू नये. नायजेरियाचा फेला कुटी लष्करशहांच्या तोंडावर गायला. 1977 मध्ये सैनिकांनी लागोसमधलं त्याचं घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं आणि पुढच्या वर्षी ती गेली. इतकी किंमत दिलेला गायक जगात विरळा. त्याच फेलानं 1978 मध्ये एका दिवसात 27 बायकांशी लग्न केलं, आणि बरोबरी मागणाऱ्या बाईची टर उडवणारं गाणंही त्याच्या नावावर आहे. सैनिकांविरुद्धचं त्याचं गाणं मी घेतो. पण यादीत त्याच्या शेजारी भीमनगरची ओवी ठेवतो, कारण त्याच्या घरात जे कोणी म्हणायला हवं होतं ते तिनं आपल्या घरात म्हटलं होतं.

शेवटी जे गाणं या यादीत सर्वांत जास्त हवं आणि कोठल्याही कंपनीच्या साठ्यात मिळत नाही, त्याबद्दल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडची लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मान वर करता येत नाही. एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंड बसतो. या जगात बाईच्या पाळीलाही जागा नव्हती. 2019 मध्ये सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. हा आकडा विधिमंडळात गाजला, वर्तमानपत्रांत छापला गेला, परदेशातले पत्रकार येऊन गेले. गाणं मात्र झालं नाही. जी झाली ती बहुतेक पुरुषांनी लिहिलेली, कोयत्याच्या कष्टाला सलाम करणारी, शेवटी नेत्याचं नाव घेणारी.

शहरातल्या कोणी कवीनं ते लिहून द्यावं असं मला वाटत नाही. ते लिहिलं जाईल चांगलं, त्याला बक्षीसही मिळेल, आणि मुकादम ते आपल्या मुलाच्या वाढदिवसाला वाजवेल. इराणमध्ये 2022 साली शेरविन हाजीपूरनं लोकांनी लिहिलेली साधी वाक्यं एकापुढे एक ठेवून गाणं केलं: कशासाठी रस्त्यावर उतरलो, तर यासाठी, त्यासाठी. त्याला लगेच अटक झाली. त्यातली रीत घेण्यासारखी आहे. वाक्यं ज्यांची त्यांची, गाणाऱ्यानं फक्त चाल धरायची. आणि आमच्या बायकांना तर चालही उसनी आणायला नको. ज्यांच्या आज्या जात्यावर बसल्या त्यांच्या गळ्यात ती अजून आहे. ऊसतोडीच्या ठिकाणी कोप्यांवर रात्री भाकरी थापताना, पहाटे तीनला गाडी भरायला निघताना काही ना काही म्हटलं जातंच.

राईरकर-पॉइतवाँ यांनी जे काम गावच्या जात्यांपाशी केलं ते आता कोप्यांपाशी व्हायला हवं. अंबाजोगाई, बीड, परळी, माजलगावच्या महाविद्यालयांत मराठी आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत, बीडला आकाशवाणीचं केंद्र आहे, प्रत्येक मुलीच्या हातात रेकॉर्डिंग करणारा फोन आहे. विद्यार्थिनींनीच जावं, कारण पुरुष समोर बसला की गाणं बदलतं. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर बायका गावी परततात तेव्हा, एप्रिल-मे मध्ये जावं, फडावर मुकादमाच्या देखत नव्हे. नाव लावायचं की नाही हे गाणारीनं ठरवावं. आणि जमलेलं पहिलं रेकॉर्डिंग सभागृहात न वाजवता आधी त्याच बाईच्या घरी, तिचा नवरा, सासू, दीर बसलेले असताना, तिची हरकत नसेल तरच, वाजवावं.